मुरुड ते आंजर्ले, तिथी पाहून

आम्ही सोनईची माणसं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली. नेवासे तालुक्यात वर्षाला पाच-साडेपाचशे मिलीमीटर पाऊस झाला की वर्ष बरं गेलं म्हणायचं. ऊस उभा राहतो तो मुळा धरणाच्या पाटपाण्यावर. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांच्या घरच्यांसह दापोलीचा किनारा पायी हिंडायचं ठरलं, आणि निघायच्या तोंडावर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली. तरी बेत मोडावा असं कुणाच्याही मनात आलं नाही. पावसाला आमच्याकडे कुणी नको म्हणत नाही.

भाऊबीज उरकून पहाटेच निघालो. अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड करत संध्याकाळी मुरुडला पोचलो. वाटेत कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलेलं दिसलं. मित्राचे वडील, अण्णा, गाडीच्या काचेतून पाहत राहिले. “हातातोंडाशी आलेलं गेलं,” एवढंच म्हणाले. जन्मभर शेती केलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही.

ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींनी रात्री तांदळाची भाकरी वाढता वाढता उद्याचा कार्यक्रम आखून दिला. “चतुर्थी ना उद्या? तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊण तीन. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नवाला ओहोटी. सातला निघा नि अकराच्या आत हर्णैला पोचा.” चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, पाऊण तासाचा हिशेब त्यातूनच आला. अण्णांना पाऊणकी तोंडपाठ. त्यांनी लगेच अष्टमीची भरती सहाला काढून दाखवली. “आणि अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. उधाण पुनवेला नि अवसेला,” आजींनी पुरवणी जोडली.

सकाळी पुळणीवर ऊन होतं. ओहोटीची ओली वाळू पायाखाली टणक लागते, चालायला डांबरी रस्त्याहून बरी. मुलं मात्र पुढे सरकेनात. वाळूत बोटाएवढी भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी. इवलासा खेकडा वर यायचा, वाळू तोंडाशी न्यायचा, तिच्यातलं खाणं टिपून उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायचा. सावली पडली की आत. पुढच्या भरतीत हे सगळं पुसलं जाणार, आणि पाणी ओसरलं की तो पुन्हा कामाला लागणार.

तेवढ्यात पश्चिमेकडची क्षितिजाची रेघ नाहीशी झाली. आधी वारा गार झाला, मग सर आली. छत्र्या उलट्या झाल्या, त्या मिटून सगळे तसेच चालत राहिलो. पंधरा मिनिटांत पुन्हा लख्ख ऊन. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून ऐन पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून तिथे त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. ही हकिकत सांगितल्यावर भिजल्याची तक्रार कुणी केली नाही.

सालदुरे, पाळंदे करत, कधी वाळूनं तर कधी रस्त्यानं, हर्णै गाठलं. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा चढला होता. बऱ्याचशा होड्या आंजर्ले खाडीत आसऱ्याला गेलेल्या. इथला मासळीचा लिलाव प्रसिद्ध, पण त्या दिवशी टोपल्या थोड्याच होत्या. आमच्या आत्यांनी एका मावशींना विचारलं, “असं किती दिवस चालणार?” “वारा पडला की जातील,” त्या बांगडे मांडत म्हणाल्या. समोर सुवर्णदुर्ग. जाणं शक्य नव्हतं, किनाऱ्यावरूनच पाहिला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार. 1755 मध्ये तो इंग्रज आरमाराच्या विल्यम जेम्सनं घेतला. त्याच्या पत्नीनं त्याच्या स्मरणार्थ 1784 मध्ये लंडनजवळ बांधलेला ‘सेव्हर्नड्रूग’ मनोरा अजून उभा आहे. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

दुसऱ्या दिवशी खाडीचा पूल ओलांडून आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला चढलो. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांत मधेच मोकळं आभाळ दिसणाऱ्या जागा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात काही तासांत बागा आडव्या झाल्या, असं एक बागायतदार सांगत होते. नवी पोफळ लावली तर फळ धरायला वर्षं जातात, तरी त्यांनी लावली. अण्णांनी त्यांना आमच्याकडच्या दुष्काळातल्या जळालेल्या उसाचं सांगितलं. एकाचं पीक वादळानं गेलेलं, दुसऱ्याचं पाण्यावाचून. पण दोघंही बोलत होते ते पुढच्या हंगामाविषयी. घाटावरच्या आणि कोकणातल्या शेतकऱ्याला एकमेकांचं दुःख समजवावं लागत नाही, हे मला तिथे दिसलं.

म्हणून सांगतो, हा किनारा गाडीच्या काचेतून उरकू नका. हवा बदलती असेल तरी जा, घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जा. फक्त निघण्यापूर्वी पंचांगात तिथी बघा, बंदरावरचा बावटा बघा, आणि गावातलं माणूस ‘आज नको’ म्हणालं तर पाण्याकडे पाऊल टाकू नका.