माझ्या हाताचा माउस

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आमच्या घरीं दिवसांतून एकदां तरी ऐकूं येते. गणित चुकलें आणि मीं पेनाला दोष दिला, कीं आई ती म्हणते. क्रिकेटमध्यें त्रिफळा उडाला आणि मीं बॅटीला दोष दिला, कीं बाबा ती म्हणतात. म्हण खरी आहे यांत मला संशय नाहीं. परंतु गेल्या वर्षीं मला असा एक अनुभव आला, कीं त्यामुळें या म्हणीच्या दुसऱ्या बाजूचाही विचार करणें मला भाग पडलें. अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. आणि तें वांकडें आहे हें वेळींच कबूल केलें नाहीं, तर नाचणाऱ्याचे पाय दुखतात. माझे पाय दुखले नाहींत, मनगट दुखलें. आणि तें अंगण म्हणजे माझ्या संगणकाचा माउस होता.

माउस हा परका शब्द मीं मुद्दामच ठेवला आहे. उंदीर म्हणावें, तर आमची आजी काठी शोधूं लागेल. आणि मूषक म्हणावें, तर गणपतीच्या वाहनाला टेबलावर घासल्याचें पाप माथीं येईल. या यंत्राचा जन्म १९६४ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेंत झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि हातचें काम बिल इंग्लिश यांचें. तो पहिला माउस म्हणजे एक लांकडी ठोकळा होता. पोटाखालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें, पाठीवर एक बटण आणि शेपटीसारखी एक तार, एवढाच त्याचा संसार. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगलबार्ट यांनीं माउसचा उपयोग जाहीर सभेंत करून दाखविला. पुढें चाकांच्या जागीं रबर चढविलेली गोळी आली, आणि १९९९ पासून ती गोळीही हळूहळू जाऊन तेथें प्रकाशकिरण आले. आजच्या माउसच्या पोटांत एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचीं दर सेकंदास हजारों चित्रें घेतो आणि एका चित्राहून दुसरें किती सरकलें हें पाहून हात किती हालला याचा हिशेब करतो. अशा रीतीनें माउसच्या पोटांत केवढी तरी क्रांति झाली. परंतु त्याच्या पाठीवर ठेवावयाचा माणसाचा हात मात्र होता तसाच राहिला. ही साधी गोष्ट मी विसरलों, तेथेंच माझें चुकलें.

शनिवारीं दुपारीं दोन तास संगणकावर खेळण्याची मला परवानगी आहे. माझा आवडता खेळ "एज ऑफ एम्पायर्स". यांत गांव वसवावयाचें, शेतें नांगरावयाचीं, लांकूड तोडावयाचें, तटबंदी उभारावयाची आणि मग शेजारच्या राजाशीं लढावयाचें. या साऱ्या कारभारांत माउसचें बटण अक्षरशः हजारों वेळां दाबावें लागतें. आमचा जुना माउस म्हातारा झाला होता. एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्यासारखें तो वागे, आणि मग माझे लांकूडतोडे भलत्याच रानांत शिरत. तेव्हां गेल्या वर्षीं जूनमध्यें, नववींत उत्तम गुणांनीं प्रवेश केल्याबद्दल, बाबांनीं मला नवा माउस घेण्याचें कबूल केलें.

माझा मामेभाऊ पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. तो "काउंटर-स्ट्राइक" या नेमबाजीच्या खेळांत तरबेज आहे, आणि महाविद्यालयांतील एका स्पर्धेंत त्यानें बक्षीसही मिळविलें आहे. दादाचा शब्द म्हणजे मला वेदवाक्य. मीं त्याला फोन करून विचारलें. "माझा आहे तोच घे," दादा म्हणाला, "डोळे मिटून घे." मीं खरोखरच डोळे मिटले. सांगलीच्या एका दुकानांत तो माउस दोन हजार चारशें रुपयांस मिळाला. खोक्यावर वीस हजारांच्या पुढचा कसला तरी मोठा आंकडा छापलेला होता. तो पाहून माझा ऊर भरून आला. बाबांनीं पैसे मोजून दिले. त्या महिन्यांत चष्म्याच्या कांचा बदलण्याचा त्यांचा बेत होता. तो पुढें गेल्याचें मला आईकडून नंतर कळलें.

माउस दिसावयास मोठा रुबाबदार होता. पाठ उंच, एका अंगाला झोंक दिलेला, बाजूला बटणांची ओळ आणि पोटांत रंगीबेरंगी दिवे. परंतु पहिल्याच शनिवारीं मला चमत्कारिक वाटूं लागलें. माझीं बोटें बटणांच्या टोकांपर्यंत पोंचेनात. पोंचवावयास जावें, तर तळहात पाठीवरून घसरे. माउस उचलून पुनः मागें आणतांना करंगळी ताणली जाई. पूर्वीं सहज जिंकत होतों ते डाव मी हरूं लागलों. मीं मनाशीं म्हटलें, "दादा यावर बक्षीस मिळवितो; तेव्हां दोष माउसचा नव्हे, माझाच!" ती म्हण माझ्या कानांत घुमतच होती. म्हणून शनिवारचे दोन तास अपुरे वाटून, घरांतील मंडळी निजलीं असतां मी चोरून सराव करूं लागलों.

बाबा अधूनमधून विचारीत, "काय रे, कसा आहे माउस?" मी म्हणें, "उत्तम आहे, बाबा." हें उत्तर मीं किती वेळां दिलें, त्याची मोजदाद नाहीं.

ऑक्टोबरांत सहामाही परीक्षा आली. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेंतील शेवटचे दोन प्रश्न मला येत होते. पण ते लिहितांना उजवें मनगट इतकें ठणकूं लागलें, कीं लेखणी धरवेना. एक प्रश्न कसाबसा उरकला, दुसरा कोराच राहिला. गुण कां कमी पडले, असें बाबांनीं विचारलें तेव्हां "वेळ पुरला नाहीं" असें मीं सांगितलें. एका असत्याला सोबतीला दुसरें लागतें, तें असें.

दिवाळीच्या सुटींत माझ्या धाकट्या बहिणीबरोबर मी सतारमेकर गल्लींत गेलों. मिरजेची ही गल्ली आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. येथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. बहीण सतार शिकते. तारा छेडण्यासाठीं तर्जनीवर जी तारेची नखी घालतात, जिला मिजराब असेंही म्हणतात, ती तिला हवी होती. दुकानांतील वृद्ध चाचांनीं डबीभर नख्या तिच्यापुढें ओतल्या. तिनें विचारलें, "चाचा, आमच्या गुरुजींची असते तसली नखी यांत कोणती?" चाचा हंसले. म्हणाले, "बेटी, गुरुजींचें बोट गुरुजींपाशीं. तुझें बोट इकडे आण. ही घाल, वाजव आणि मग सांग. घट्ट झाली तर बोटाला कापील. सैल झाली तर वाजवतांना फिरेल." बहिणीनें सात-आठ नख्या घालून पाहिल्या. प्रत्येक वेळीं चाचांनीं भिंतीवरची सतार काढून तिच्या हातीं दिली. एवढ्याशा तारेच्या तुकड्यासाठीं अर्धा तास गेला, पण चाचांना त्याचें कांहींच वाटलें नाहीं. जवळच पुरुषी गळ्यासाठीं मोठे आणि स्त्रियांच्या गळ्यासाठीं लहान असे तंबोरे ओळीनें उभे होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिलों. जी गोष्ट आमच्या गांवांतला कारागीर रोज करतो, ती मला चार महिने सुचली नव्हती!

घरीं येऊन मीं प्रथम पट्टी घेतली. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात साडेसोळा सेंटिमीटर भरला. दादाला फोन करून त्याचा मोजावयास लावला, तो भरला साडेवीस! माउसची लांबी साडेबारा सेंटिमीटरांहून थोडी जास्त होती. स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेवला, तर वजन एकशें चार ग्रॅम. मग या विषयाची मीं जी माहिती जमविली, ती वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून थोडक्यांत देतों.

माउस धरण्याच्या रीति मुख्यतः तीन आहेत. पहिलींत सबंध तळहात माउसच्या पाठीवर विसावतो; हिला मोठा व उंच माउस सोयीचा. दुसरींत तळहाताची मागची कडच टेकते आणि बोटें पक्ष्याच्या पंजासारखीं वांकतात. तिसरींत तळहात टेकतच नाहीं, माउस केवळ बोटांच्या टोकांनीं धरला जातो. हिला तो लहान, ठेंगणा आणि हलका लागतो. दादाची रीत पहिली, माझी तिसरी. यांत श्रेष्ठकनिष्ठ असें कांहीं नाहीं. कोणी उजव्या कुशीवर निजतो, कोणी डाव्या, तसेंच हें आहे. डावखुऱ्या मुलांनीं तर अधिकच जपावें; कारण एका अंगाला झोंक दिलेले बहुतेक माउस उजव्या हातासाठींच घडविलेले असतात. त्यांनीं दोन्ही अंगांनीं सारखा असलेला घ्यावा.

खोक्यावरील त्या मोठ्या आंकड्याचेंही गूढ मला उकललें. माउस एक इंच सरकला असतां तो किती मोजण्या संगणकाला पाठवूं शकतो, तो हा आंकडा. आठशें ठेवला, तर इंचामागें आठशें. हजारों रुपयांच्या माउसवरही नामांकित खेळाडू पुष्कळदां चारशें किंवा आठशेंच ठेवतात. कारण बाण फार वेगानें पळाला तर नेम साधत नाहीं. दादा चारशें ठेवतो आणि सबंध दंड हालवून खेळतो; पण त्याचें टेबल चार फुटी आहे. माझ्या टेबलाचा अर्धा भाग बाबांच्या फायलींनीं व्यापलेला. तेव्हां मला सोळाशेंच बरे. वीस हजार मात्र आम्हां दोघांनाही निरुपयोगी! शिवाय दादाला नेम धरावयाचा असतो, मला बटण सतत दाबावयाचें असतें. म्हणून मला बटण हलकें हवें. आणि मिरजेच्या उन्हाळ्यांत ज्याचा हात घामेजतो, त्यानें गुळगुळीत चकचकीत पाठीचा माउस घेऊं नये, हेंही मला अनुभवानें कळलें आहे.

एवढें ज्ञान झालें, तरी एक काम उरलेंच होतें. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं धीर करून मीं बाबांना सर्व सांगितलें: माउस, मनगट, रात्रींचा सराव आणि कोरा राहिलेला प्रश्न. बाबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "पैसे गेले याचें मला तितकें वाटत नाहीं. चार महिने तूं मला 'उत्तम' म्हणून सांगत होतास, याचें वाटतें." त्यांनीं एखादी चपराक दिली असती, तर ती मला यापेक्षां हलकी वाटली असती.

दुसरा माउस मीं माझ्या पैशांनीं घ्यावा, असें ठरलें. दिवाळींत मिळालेले पैसे आणि पुढच्या दोन महिन्यांची बचत मिळून जानेवारींत तेराशें पन्नास रुपये जमले. तोंवर रात्रींचा खेळ बंद, आणि हातालाही विश्रांति. पहिल्या दुकानदारानें खोकें उघडावयास नकार दिला. दुसऱ्याकडे नमुन्याचे चार-पांच माउस बाहेर मांडलेले होते. बाबा त्यांना म्हणाले, "मुलाला जरा हातांत घेऊन पाहूं द्या." मीं चाचांचें स्मरण करून प्रत्येक माउस धरला, सरकविला, उचलला, दाबला. शेवटीं एक काळा, बिनदिव्यांचा, साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा आणि बासष्ट ग्रॅम वजनाचा माउस पसंत केला. दादानें त्याचें छायाचित्र पाहून नाक मुरडलें.

जुना रुबाबदार माउस विकावा असा माझा विचार होता. परंतु एके संध्याकाळीं बाबा हिशेब करावयास बसले असतां त्यांनीं सहज त्याच्यावर हात ठेवला. त्यांचा पंजा मोठा. सबंध तळहात त्या उंच पाठीवर असा बसला, जणूं माप घेऊनच तो घडविला होता. बाबा म्हणाले, "हा राहूं दे मला. हे रंगीत दिवे तेवढे बंद करून दे." आतां त्याच माउसवर बाबा रोज दोन तास काम करतात. एका हाताचें वांकडें अंगण दुसऱ्या हाताला सरळ निघालें.

वाचकहो, नव्या माउसमुळें मी अजिंक्य झालों, असें कोणी समजूं नये. मनगटाची व्यथा गेली, वार्षिक परीक्षेंत एकही प्रश्न कोरा राहिला नाहीं, आणि बोटें सांगितलें तेथें जाऊं लागलीं. लाभ झाला तो एवढाच. मे महिन्यांत दादा आमच्याकडे आला, तेव्हां आम्ही माझ्या आवडीचे तीन डाव खेळलों. मीं एक जिंकला, दोन हरलों. दादानें चेष्टेनें विचारलें, "काय, माउस बरोबर नव्हता का?"

"माउस बरोबर होता," मी म्हणालों, "तटबंदी बांधावयास मींच उशीर केला."

आई स्वयंपाकघरांतून ऐकत होती. त्या दिवशीं तिला ती म्हण म्हणावी लागली नाहीं.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी