एका कुरणावर पाणी सोडताना

इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेटमध्ये, ऑक्टोबर सरत आला की मला येणाऱ्या फोनांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात लोक विचारतात, घोडा लंगडतोय, दाणा सोडलाय, काय करू? आता विचारतात, कुरणाचा पार चिखल झालाय, घोडा आत घेऊ का? मी घोड्यांची डॉक्टर. परळला पशुवैद्यक शिकले ते मुख्यतः गाई-म्हशींवर. घोडा खऱ्या अर्थानं कळला तो इथे आल्यावर. माती आणि पाऊस हा माझा विषय नव्हे, असं म्हणून फोन ठेवता येईल. पण हिवाळ्यातली बरीचशी दुखणी या एकाच निर्णयातून निघतात, म्हणून उत्तर देते. आणि बहुतेक वेळा ते ‘नका घेऊ’ असंच असतं.

आपल्याकडच्या माणसाला इथल्या पावसाचं हसू येईल. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सर्वांत ओले ठरले. पाऊस किती? सगळा मिळून १,७०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर एखाद्या जोरदार जुलैतच तेवढा गाठतं. मग रडगाणं कशाचं? तर वाळण्याचं. डिसेंबरात इथे आठ वाजता उजाडतं आणि चारला दिवेलागण होते. ऊन पडलं तरी त्यात धग नसते. पडलेलं पाणी वर उडत नाही, चिकणमातीत खाली जिरत नाही, नुसतं बसून राहतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आपल्याकडे चिखलाचा आणि गवताचा हंगाम एकच. जनावरानं तुडवलं तरी आठवड्यात पुन्हा हिरवं दिसतं. इथे जमिनीचं तापमान पाच-सहा अंशांखाली गेलं की गवताची वाढ थांबते. नोव्हेंबरात उखडलेला तुकडा एप्रिलपर्यंत तसाच उघडा पडून राहतो.

त्यावर पाचशे किलोचा घोडा चार खुरांवर उभा असतो, आणि पळताना तर सगळा भार एक-दोन खुरांवरच येतो. भाताच्या खाचरात आपण मुद्दाम चिखलणी करतो, पाणी खाली जाऊ नये म्हणून मातीची घडण मोडतो. घोडे तेच काम फुकटात करतात. मातीतली हवेची पोकळी दाबली गेली की मुळं गुदमरतात, पाणी आणखी साचतं, आणखी चिखल होतो. या देशातली शर्यतींच्या घोड्यांची मोठी ठाणी, न्यूमार्केट किंवा लॅम्बोर्न, खडूच्या जमिनीवर वसली हा योगायोग नव्हे. पाऊस पडला तरी तिथलं पाणी खाली निघून जातं. आमच्या सॉमरसेटच्या सखल भागात ते नशीब नाही.

मग आत बांधायला काय हरकत आहे? हरकत घोड्याच्या पोटाची आहे. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास तोंड चालवत असतो, आणि चरता चरता मैलोन्‌मैल चालतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरतं, पोटात चारा असो वा नसो. त्याला एकदम बारा बाय बाराच्या खोलीत उभं केलं, ओल्या गवताऐवजी कोरडी वैरण घातली आणि चालणं बंद केलं, की मोठ्या आतड्यात चारा घट्ट होऊन अडकतो. कुरणातून तबेल्यात आणल्यानंतरचे पहिले काही दिवस पोटशूळाच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचे. शिवाय जठरातले व्रण, वैरणीच्या धुळीनं लागणारा दमा, दारात उभं राहून तासन्‌तास इकडून तिकडे डुलत राहण्याची खोड. ही खोड एकदा लागली की पुढे उन्हाळ्यातही पुरती सुटत नाही.

चिखलाची दुखणी मी नाकारत नाही. नाल चिखलात रुतून निघतात, खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग काळा पडून कुजतो आणि त्याचा वास तबेल्याच्या दारातच येतो. पण लोक सर्वांत जास्त घाबरतात चिखल्यांना. हो, चिखल्याच म्हणते मी त्यांना. लावणीनंतर बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या ज्यांनी भोगल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. घोड्याला त्या खुराच्या लगेच वर, मागच्या खळगीत होतात, आणि पांढऱ्या पायाला, म्हणजे खाली गुलाबी कातडी असलेल्या पायाला, आधी. त्याला कारणीभूत असणारा जंतू, डर्मॅटोफिलस, कातडीवर गुपचूप राहू शकतो. कातडी भिजून मऊ पडली, बारीक चिरा पडल्या, की तो पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत आत शिरतो. मग खपल्या धरतात. खपली उचलली तर केसांचा झुपका मुळासकट तिच्याबरोबर येतो, रंगाच्या ब्रशसारखा, आणि खाली ओली, लाल, दुखरी जागा. घोडा पाय झटकतो तो उगाच नाही.

आता गंमत बघा. हा आजार मला सर्वांत जास्त दिसतो तो काळजीवाहू मालकांच्या घोड्यांना. ते रोज संध्याकाळी थंड पाण्याचा पाइप लावून पाय स्वच्छ धुतात, घासतात आणि ओलेच पाय घेऊन घोडा रात्रभर उभा करतात. म्हणजे दिवसा चिखलानं भिजवायचं, रात्री नळानं. जुने मोतद्दार चिखलाला हात लावत नसत; सकाळी वाळला की ब्रशानं झाडून टाकत. तेच बरोबर आहे. धुवायचेच असतील तर टॉवेलनं शेवटच्या घडीपर्यंत कोरडे करा. खपल्या ओरबाडू नका. जंतुनाशकाच्या कोमट पाण्यानं मऊ करा, सुटतील तेवढ्याच काढा, पुन्हा कोरडं करा. पाय सुजला, घोडा लंगडू लागला तर मला बोलवा. तोवर कोरडेपणा हेच औषध आहे. आणि त्यासाठी चोवीस तास कोंडून ठेवायची गरज नाही. रात्री आत, दिवसा बाहेर एवढ्यानं काम भागतं.

तेव्हा बाहेर सोडायचं हे ठरलं. पण सगळीकडे नाही. इथले जाणते लोक हिवाळ्यापुरतं एक कुरण निवडतात, शक्यतो चढावरचं आणि तबेल्याजवळचं, आणि त्यावर पाणी सोडतात. सगळे घोडे तिथेच. त्याचा राडा होणार, होऊ द्यावा. बाकीची कुरणं कुलूपबंद. नवा मालक याच्या बरोबर उलट करतो: एक तुकडा बिघडला की दुसरा उघडतो, मग तिसरा. जानेवारीत त्याच्याकडे तीन चिखल असतात आणि वसंतात चरायला काही नाही. शिवाय उघड्या पडलेल्या मातीत गवताआधी तण येतं. त्यातलं पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट यकृताचा घात करतं. हिरवं असताना कडवट म्हणून घोडे सहसा ते टाळतात. वाळून वैरणीत आलं की कडूपणा जातो, विष राहतं. त्या एका झाडासाठी इथे २००३ साली स्वतंत्र कायदा झाला.

बळी दिलेल्या कुरणातही खरा दलदलीचा तुकडा फाटकाशी असतो. कारण सोपं आहे: आपण फाटकातून येतो, दाणा-वैरण फाटकातून येते, म्हणून घोडे तिथेच ताटकळतात. वैरण आत, लांब, टणक जागी टाका. घोड्यांपेक्षा एक ढीग जास्त ठेवा, म्हणजे दबकून असणाऱ्यालाही खायला मिळतं आणि मंडळी फिरती राहतात. पाण्याची टाकी फाटकापासून हलवा. मग फाटकाची जागा पक्की करा: वरची मऊ माती खरवडून काढा, त्यावर पाणी जाऊ देणारं जाड कापड, त्यावर मोठी खडी, सर्वांत वर बारीक. कापडाशिवाय टाकलेली खडी एका हिवाळ्यात माती गिळते. लाकडाचा भुसा स्वस्त पडतो आणि पहिल्या वर्षी सुरेख दिसतो. पुढे कुजून त्याचाच चिखल होतो. पाडलेल्या घराचा राबीट तर नकोच, त्यातून खिळे आणि काचा वर येतात.

झुलीबद्दल थोडं. भारतातून आलेले पाहुणे कुरणातल्या घोड्यांना कोट घातलेले पाहून हसतात, आणि बऱ्याचदा त्यांचं हसणं योग्यच असतं. एक्समूरच्या अर्ध-रानटी पोनीच्या अंगावर हिवाळ्यात आत लोकरीचा आणि बाहेर तेलकट, पाणी न धरणारा असा दुहेरी केसाळ थर असतो. त्याला कोट म्हणजे शिक्षा. केस कापलेल्या, म्हाताऱ्या किंवा पातळ कातडीच्या थरोब्रेड घोड्याला मात्र वारा आणि पाऊस एकत्र आले की झूल हवी. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २३ घोड्यांना फलकांवरच्या खुणा शिकवल्या: झूल घाला, झूल काढा, आहे तसं राहू द्या. घोडे नाकानं फलकाला स्पर्श करून सांगू लागले. पावसाळी, गार वाऱ्याच्या दिवशी त्यांनी झूल मागितली आणि ऊन पडलं तेव्हा काढायला सांगितली. आमचे मालक दिनदर्शिका पाहून घालतात. थंडीवरचा खरा उपाय म्हणजे भरपूर वैरण. ती मोठ्या आतड्यात आंबताना आतून ऊब देते. दाणा वाढवून ते साधत नाही.

वैरण बाहेर घालण्याचं आणखी एक कारण आहे. सिकॅमोर झाडाच्या पंखवाल्या बिया शरद ऋतूत वाऱ्यानं कुरणभर पसरतात. उपाशी घोडा त्या खातो, स्नायू विरघळू लागतात, लघवी गडद तपकिरी होते, आणि त्यातले बहुतेक घोडे आम्ही वाचवू शकत नाही.

वादळामुळे घोडा काही दिवस आत ठेवावाच लागला, तर पुन्हा सोडण्याचं एक शास्त्र आहे. आधी थोडं चालवून त्याची मस्ती उतरवा. शांत सोबती आधीच कुरणात असू द्या, वैरण पसरलेली असू द्या. आत गेल्यावर त्याचं तोंड फाटकाकडे वळवा, मगच दोर सोडा आणि मागे सरा. वळून उधळायला त्याला जो क्षण लागतो, त्यात तुम्ही त्याच्या लाथेबाहेर असता.

ओल्या हंगामाप्रमाणे घोड्यांची तजवीज करणं मराठी माणसाला नवं नाही. मुंबईच्या शर्यतींचे घोडे पावसाळ्यात पुण्याला जातात ते पाऊस टाळूनच. मराठ्यांचं घोडदळ पावसाळ्यात छावणीला बसे आणि दसऱ्याला बाहेर पडे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचताना बहुतेकांचं लक्ष रयतेच्या काळजीकडे जातं, ते रास्तच. मला त्यात पागेचा हिशेब दिसतो: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि त्याचा दोष तुमचा असेल. ओल्या हंगामाची लढाई आधीच्या कोरड्या महिन्यांत लढायची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुणे, नाशिकच्या आसपास हौशीनं घोडे पाळणारी तरुण मंडळी आता वाढताहेत, आणि त्यांचे फोन मला जुलैत येतात. त्यांना एवढंच सांगणं: फाटकाजवळचा मुरूम मृगाआधी, मे महिन्यातच टाकून दाबून घ्या. जुलैत टाकलेला मुरूम चिखलात जातो आणि पैसेही.