पालुपद

भजनांत ध्रुपद फिरून फिरून येतें, तेव्हां ऐकणारास विसावा मिळतो. भाषणांत मात्र एकच शब्द फिरून फिरून आला, तर त्याचा जीव मेटाकुटीस येतो. माझेंही असें एक पालुपद होतें, "म्हणजे काय आहे कीं". आणि तें मला ठाऊक नव्हतें!

गेल्या वर्षीं विंचुरास वक्तृत्वस्पर्धेंत मी परीक्षक होतों. माझ्याच वर्गांतील एक मुलगा उत्तम तयारी करून आला होता. परंतु दर दोन वाक्यांमागें "म्हणजे काय आहे कीं" असें म्हणे. मीं त्याचे गुण कापले आणि नंतर विचारिलें, "अरे, ही खोड तुला लागली कोठून?" तो मान खालीं घालून हळूच म्हणाला, "सर, तुम्ही शिकवितांना असेंच म्हणतां."

त्याचें कुसळ मला दिसलें. माझें मुसळ दिसलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं भर वर्गांत त्याची क्षमा मागितली आणि माझ्या प्रत्येक पालुपदास वहींत एक रेघ ओढण्याचें काम त्याजकडे दिलें. पहिल्याच तासास ३१ रेघा झाल्या!

ही खोड लागते कशी? पुढचें वाक्य मन शोधीत असतें आणि जीभ थांबावयास भिते. हर्बर्ट क्लार्क व जीन फॉक्स ट्री या अमेरिकन संशोधकांनीं २००२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, इंग्रजी बोलणारे अडखळतांना जे हुंकार काढितात, त्यांतून बोलण्यास विलंब होणार असल्याची सूचना ऐकणारास मिळते. दोघांच्या गप्पांत ती उपयोगाची. नाहींतर दुसरा मध्येंच बोलूं लागावयाचा. परंतु न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं पुण्यांत सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या सभेंत माणसें ऐकावयासच जमतात. तेथें वक्त्याच्या हातचें बोलणें कोण हिसकावून घेणार? मग ही राखण कशासाठीं?

म्हणून उपाय साधा आहे. वाक्य पुरें होतांच ओठ मिटावे, श्वास घ्यावा, पुढचें वाक्य जुळल्यावरच तोंड उघडावें. कीर्तनकारही आख्यान ऐन रंगांत येतांच क्षणभर स्तब्ध होतो; तेव्हां पेंगणाराही जागा होतो.

यंदां तो मुलगा पुन्हां व्यासपीठावर उभा राहिला. मध्येंच एक वाक्य विसरला. तो थांबला, सारी सभा थांबली, मग तें वाक्य त्यास आठवलें. पहिलें बक्षीस त्यास मिळालें नाहीं. पण त्या शांततेस तो भ्याला नाहीं, याचाच मला आनंद झाला. माझ्या रेघा अद्याप तासास चार पडतात. विद्यार्थ्यांनो, तुमच्याही मोजा; आणि पालकहो, मुलांच्या मोजण्यापूर्वीं आपल्या मोजा.