नाव काढा, खातं ठेवा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानासाठी मी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. दिवाळी पाडव्याच्या सौद्याआधी ते सुरू करायचं होतं. जुन्या शेतकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गुऱ्हाळं बंद केलेली. त्यांचा ऊस आता कारखान्याला जातो. मालक म्हणाले, "यादी लई लांबलीय. न येणाऱ्यांची नावं उडवून टाका."

नाव उडवायचं म्हणजे एक ओळ पुसायची. पण त्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्या, पट्टीतल्या गुळाच्या रव्यांचं वजन नि भाव, हंगामाआधी दिलेली उचल हे सगळे वेगळे टेबल फॉरेन कीनं त्या ओळीशी बांधलेले. ती गेली तर मागं राहिलेली पट्टी कुणाची? म्हणून डेटाबेसला आधीच सांगून ठेवावं लागतं. 'कॅस्केड' सांगितलं तर खालचंही सगळं पुसलं जातं, 'सेट नल'नं फक्त जोडणी रिकामी होते आणि 'रिस्ट्रिक्ट' असेल तर मूळ ओळ पुसताच येत नाही.

मी दुकानातल्या वयस्कर दिवाणजींना विचारलं, "नावाबरोबर पट्ट्याही गेल्या तर चालेल?"

"आणि उचल? ती तुझ्याकडनं वसूल करायची व्हय? माणूस यायचा थांबला म्हणून खातं मिटत नसतंय, पोरा."

मग मी एकेक नातं वेगळं तपासलं. कच्ची पट्टी रद्द झाली की तिच्यातल्या ओळींना अर्थ उरत नाही, तिथं कॅस्केड. पक्की पट्टी पुसायचीच नाही, चुकली तर उलटी नोंद करायची. माल आणणारा टेम्पोवाला यादीतून गेला तरी पट्टी खरीच राहते. तिथं सेट नल. शेतकऱ्याच्या पट्ट्या आणि उचल यांना रिस्ट्रिक्ट. मालकांसाठी शेतकऱ्यांच्या टेबलात 'चालू' असा रकाना वाढवला. तिथं 'नाही' केलं की नाव सौद्याच्या यादीत दिसत नाही, खतावणीत मात्र राहतं.

डेटाबेस एसक्यूलाइट होता. त्यात फॉरेन कीचे नियम लिहिले तरी ते सहसा बंदच असतात. प्रत्येक वेळी जोडणी उघडली की प्राग्मा आज्ञा देऊन चालू करावे लागतात. तेवढं करून मी चाचणीच्या प्रतीवर, उचल बाकी असलेलं एक नाव दिवाणजींसमोर पुसायला घेतलं. डेटाबेसनं साफ नकार दिला.

"बरं झालं," दिवाणजी म्हणाले, "आता उचलीवर व्याज कसं लावतोस ते दाखव."