आदि, चय आणि गच्छ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात काय लिहावे याचे काही संकेत ठरून गेले आहेत. पहिला पाऊस, आजीची गोधडी, वसतिगृहातील आमटी यांपैकी एखादा विषय घ्यावा, शेवटी थोडे डोळे ओले करावेत आणि लेख संपादकांच्या हवाली करावा. मी मात्र यंदा समान त्वरणाच्या गणितांवर लिहिणार आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हे अतिक्रमण समजू नये. ही जमीन मुळात आपल्याच सातबाऱ्यावर होती, याचा पुरावा पुढे देतो.

नारायणगडाच्या पायथ्याच्या बाजूला आमचे गाव आहे. गडाला आमच्याकडे 'धाकटी पंढरी' म्हणतात, आणि एकादशीला वर जाणारी माणसे आमच्या दारावरून जातात. दसरा झाला की मात्र गावातली माणसे दुसऱ्या दिशेला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते पाजवून झालेले असतात, आणि एके रात्री ट्रक येऊन उभा राहतो. आईवडील त्यात चढतात ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. मागे राहतो आम्ही दोघे आणि आजी. धाकटी बहीण नववीत आहे. नववीच्या विज्ञानाचे पहिलेच प्रकरण 'गतीचे नियम', आणि त्यात ती तीन समीकरणे.

"दादा, हे गणित कुठून धरायचं?" तिने विचारले. समीकरणे तिला पाठ होती. व्ही बरोबर यू अधिक एटी, एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी वर्ग, व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन एएस. मनाच्या श्लोकांसारखी घडाघड म्हणून दाखवी. परंतु पुढ्यात गणित आले की तिघांपैकी कोणाला हाक मारावी हे तिला कळत नसे.

मी मराठीचा विद्यार्थी. मला त्या गणितात आधी वाक्य दिसले. "एक मोटार स्थिर अवस्थेतून निघून ५ सेकंदांत..." यात एक आकडा लिहिलेलाच नाही. 'स्थिर अवस्थेतून' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. व्याकरणात आपण ज्याला अध्याहृत कर्ता म्हणतो ना, तसा हा अध्याहृत शून्य! 'थांबली' या क्रियापदात शेवटचा शून्य दडलेला असतो. 'ब्रेक लावला' या दोन शब्दांत उणे चिन्ह असते. पात्रे एकूण पाच: आरंभीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, काळ आणि अंतर. प्रत्येक समीकरणात चारच जण येतात, एक घरी राहतो. पहिल्यात अंतर नाही, दुसऱ्यात अंतिम वेग नाही, तिसऱ्यात काळ नाही. गणितात ज्याचे नावही घेतलेले नाही आणि जो विचारलेलाही नाही, तो ज्या समीकरणात गैरहजर असेल ते समीकरण घ्यायचे. एवढे सांगितल्यावर तिची निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी जायला आठशे-नऊशे वर्षे मागे जावे लागले.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा, आणि 'लीलावती' ११५० ची. आपले गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड असे सांगितले आहे. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत वाद आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. म्हणून पुष्कळांचा कल तिकडे. कोणी विजापूर म्हणते, कोणी आमच्या बीडचेही नाव घेतले आहे. बीडकर म्हणून मी कोणत्या बाजूचा हे सांगायला नको, पण पुरावा पाटणचा जड आहे हे कबूल केले पाहिजे.

तर त्या 'लीलावती'त श्रेढीच्या प्रकरणात एका राजाचे उदाहरण आहे. शत्रूचे हत्ती पकडून आणायला तो निघाला. पहिल्या दिवशी दोन योजने चालला. पुढे रोज सारख्याच प्रमाणात चाल वाढवीत गेला आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरच्या शत्रूच्या नगराला पोहोचला. तर रोजची वाढ किती?

वाचकहो, हे समान त्वरणाचेच गणित नव्हे काय? पहिल्या दिवसाची चाल तिला भास्कराचार्य आदि किंवा मुख म्हणतात. रोजची वाढ म्हणजे चय. दिवसांची संख्या म्हणजे गच्छ. गच्छातून एक वजा करून चयाने गुणावे व त्यात आदि मिळवावा की शेवटच्या दिवसाची चाल मिळते, ते अंत्यधन. आदि आणि अंत्यधन यांची बेरीज निम्मी केली की मध्यधन. आणि मध्यधनाला गच्छाने गुणले की सर्वधन, म्हणजे एकूण अंतर.

मला या सगळ्यात मध्यधन हा शब्द फार आवडला. राजाचे गणित त्याच्याच जोरावर तोंडी सुटते. ऐंशी भागिले सात, म्हणजे ८०/७ योजने ही त्याची सरासरी चाल. सात दिवसांत मधला दिवस चौथा, म्हणून चौथ्या दिवशी तो नेमका तेवढाच चालला असणार. पहिल्या दिवसापासून चौथ्यापर्यंत वाढ झाली ६६/७, आणि ती तीन वेळा मिळून झाली. म्हणून रोजची वाढ २२/७ योजने. (वर्तुळाच्या प्रकरणात छळणारा हा अपूर्णांक इथे हत्तींच्या मागे कसा लागला, असे बहिणीने विचारले. निव्वळ योगायोग.)

पण पोरगी हुशार. म्हणाली, "राजा रात्री मुक्काम करत असंल. दगड कुठं मुक्काम करतो?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. म्हणून आम्ही विहिरीवर गेलो. आमच्याकडे विहिरीची खोली परसांत सांगतात. परस म्हणजे पुरुष, माणसाच्या उंचीचे माप. आमची जुनी विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. दगड सोडला आणि दोन सेकंदांच्या आसपास 'डुबुक' ऐकू आले. सुटताना दगडाचा वेग शून्य, दर सेकंदाला तो ९.८ मीटरने वाढतो, म्हणून दोन सेकंदांनी १९.६. मध्य ९.८. दोन सेकंद गुणिले ९.८, म्हणजे १९.६ मीटर, सुमारे चौसष्ट फूट. दहा-अकरा परस पाणी खोल गेले होते. आवाज वर यायला लागणारा वेळ सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या जवळपास, तो आम्ही सोडून दिला. आमचा हाताने मोजलेला सेकंद त्याहून मोठी चूक करीत होता.

मग घरी येऊन दर सेकंदाचे अंतर वेगळे मांडले. पहिल्या सेकंदात दगड ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. आदि ४.९, चय ९.८, गच्छ तीन. अंत्यधन २४.५, मध्यधन १४.७, सर्वधन ४४.१. आणि पुस्तकातल्या दुसऱ्या समीकरणात तीन सेकंद घातले तरी उत्तर तेच, ४४.१! दगड मुक्काम करीत नाही, तरी त्याचा हिशेब मुक्काम करणाऱ्या राजाच्याच रीतीने जुळतो. या अंतरांचे प्रमाण एक, तीन, पाच, सात असे विषम संख्यांचे असते, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याच्याजवळ सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. लाकडी तुळईतल्या गुळगुळीत पन्हळीतून त्याने काशाचा गोळा सोडला, आणि तेवढ्या वेळात भांड्यातून जे पाणी गळले ते तराजूत तोलून काळ ठरविला. लग्नात घंगाळातल्या घटिकेकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही.

आता तो सातबाऱ्याचा पुरावा. समान वाढणाऱ्या वेगाने जाणारी वस्तू तेवढ्याच वेळात मध्यवेगाने गेलेल्या वस्तूइतकेच अंतर काटते, हा सिद्धान्त युरोपात प्रथम सांगितला तो ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील मंडळींनी. विल्यम हेट्सबरी यांच्या १३३५ च्या ग्रंथात तो आहे, आणि तो ग्रंथ कसला म्हणाल, तर तर्कशास्त्रातली शाब्दिक कोडी कशी सोडवावीत याचा! त्या काळच्या विद्यापीठांत हे सारे कला विद्याशाखेत शिकविले जाई. पुढे पॅरिसच्या निकोल ओरेम यांनी तो त्रिकोण आणि आयत काढून दाखविला. यांपैकी कोणी विहिरीत दगड टाकून पाहिल्याचे दिसत नाही. शब्दाचा अर्थ नीट लावता लावता ते तिथवर पोहोचले. म्हणजे वेग, क्षण, वाढ हे शब्द आधी कलेच्या वर्गात घासूनपुसून स्वच्छ झाले आणि मग तीनशे वर्षांनी प्रयोगशाळेत गेले. आमच्या मराठी विभागाने याची नोंद घ्यावी.

इथेच थांबलो असतो तर लेख विद्वत्तापूर्ण झाला असता. परंतु दसरा जवळ आला होता, आणि बहिणीच्या पुस्तकातले पुढचे गणित ब्रेकचे होते.

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सपाट रस्त्यावर ब्रेक दर सेकंदाला अडीच मीटरने वेग कमी करतो असे धरा. गाडी चार सेकंदांत थांबेल, मध्यवेग पाच, अंतर वीस मीटर. आता ताशी ७२. थांबायला आठ सेकंद, मध्यवेग दहा, अंतर ऐंशी मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. तिसऱ्या समीकरणातला तो वर्ग पाठांतरात नुसता डोक्यावर बसलेला असतो. इथे तो कुठून आला ते दिसते: काळही दुप्पट होतो आणि मध्यवेगही. शिवाय समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी आणखी दहा किंवा वीस मीटर पुढे गेलेली असते. त्याचे गणित वेगळे.

आईवडील ज्या ट्रकमध्ये जातात तो माझे चुलते चालवतात. संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. बहिणीने वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आकडे वाचले आणि म्हणाले, "हे सपाटीचं झालं. उताराचं काढ."

वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार धरला. तो गाडीला सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेग आपण होऊन देतो. ब्रेकच्या अडीचातून अर्धा गेला, उरले दोन. वीसचे पंचवीस मीटर झाले, ऐंशीचे शंभर. आणि अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर? घर्षण सोडून दिले, तर थांबलेली गाडी चाळीस सेकंदांत, चारशे मीटरमध्ये, ताशी ७२ ला पोहोचते. घर्षण धरले तर जरा उशिरा, इतकेच.

"म्हणून तर ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं," काका म्हणाले. मग वहीवर बोट ठेवून, "पर ही गाडी रिकामी दिसायलीय. रिकामी आन् भरलेली, दोन येगळी जनावरं असतेत. भरलेलीचं काढ."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. ब्रेकची पकड तीच आणि वजन दुप्पट, असे मी तिला धरायला सांगितले. मग अडीचाचे सव्वा झाले. उतार मात्र वजन पाहत नाही, तो आपला अर्धा मीटर पुरता वसूल करतो. सव्व्यातून अर्धा गेला, उरला पाऊण. ताशी ३६ वर थांबायला आता सदुसष्ट मीटर, आणि ७२ वर दोनशे सदुसष्ट. तिने तो आकडा दोनदा तपासला. ब्रेक लांब उतारावर तापतो आणि त्याची पकड ढिली पडते, म्हणजे पाऊणही शेवटपर्यंत पाऊण राहत नाही, असे काका म्हणाले. समान त्वरण हे पुस्तकाने आपल्याला दिलेले उसने धान्य आहे, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते.

आजी आतून विचारीत होती, पोरं काय मोजायलीत एवढं. कोणी उत्तर दिले नाही.

बहिणीने नवे पान काढले. यावेळी तिने मला काही विचारले नाही. भरलेली गाडी, उतार तोच, आणि पंचवीस मीटरमध्ये थांबली पाहिजे, तर वेग किती हवा? काळ दिलेला नाही, विचारलेला नाही, म्हणून तिसरे समीकरण. दोन गुणिले पाऊण गुणिले पंचवीस, साडेसदतीस. वर्गमूळ सहाच्या थोडे वर. सेकंदाला सहा मीटर म्हणजे ताशी बावीस किलोमीटर.

"काका, बावीस," ती म्हणाली.

काकांनी तंबाखू मळता मळता मान हलविली. "तेवढ्यावरच उतरवितो आम्ही. दुसऱ्या गिअरात बसती ती."

तिसऱ्या दिवशी रात्री ट्रक निघाला. वहीतले ते पान फाडून तिने आईच्या पिशवीत घातले होते, भाकरीच्या फडक्याखाली.