हुबळी हर्षद, धारवाड नाही

मोठी संख्या दिसली की तिचे कुळगोत्र विचारायची मला जुनी खोड आहे. मग ती रेल्वेच्या तिकिटावरची असो की पत्रावरची. १९७२ साली देशात पिनकोड आले आणि आमच्या हुबळीला ५८००२० ही संख्या मिळाली. ती वरवर रुक्ष दिसते. अवयव पाडले की २×२×३×५×७×१३८१ असे निघतात, त्यातली १३८१ मूळ संख्या. विभाजक एकूण ४८. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज १२७७३८८, म्हणजे संख्येच्या दुपटीहून जास्त. अशा श्रीमंतीला गणितात विपुल संख्या म्हणतात.

आता अंकांची बेरीज करा. ती १५ येते आणि १५ने संख्येला नि:शेष भाग जातो, भागाकार ३८६६८. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाचे लक्ष तिकडे गेले.

विद्वानांचा आक्षेप खोटा नाही. अवयव हे संख्येच्या अंगचे गुण. हर्षदपण मात्र आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे. माणसाला बारा बोटे असती आणि आपण बारांच्या पटीत मोजत असतो, तर याच संख्येच्या अंकांची बेरीज ३४ भरली असती आणि ३४ने भाग गेला नसता. अवयव तेवढे तेच राहिले असते. पण आमच्या वर्गात घरी कानडी बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. अंकांची वळणे वेगळी असली तरी बोटे दोघांचीही दहाच. बेरीज पंधराच येते. सीमेवरच्या मास्तराला एवढे पुरते.

एका पालकांनी मला विचारले, ‘सर, हे परीक्षेत किती मार्कांना येते?’ मी म्हटले, ‘एकाही नाही.’ ते काही न बोलता गेले.

त्यांना सांगायचे राहिले ते इथे सांगतो. हुबळी हर्षद निघाल्यावर नववीतली धारवाडची पोरे हिरमुसली. ५८०००१ची बेरीज १४, भाग जाईना. मग बेळगाव पाहिले : ५९०००१. बेरीज हुबळीसारखीच १५, पण शेवटी एक, तेव्हा पाचाचाच भाग नाही. पोरे हटली नाहीत. ५८०००९पर्यंत एकेक संख्या तपासली. एकही हर्षद नाही! गृहपाठाला चार भागाकार दिले तर तोंडे वाकडी करणाऱ्या मुलांनी कोणी न सांगता नऊ केले होते, आणि नऊही बरोबर होते.