दीड मिनिट

माणसाने सकाळी उठायला वेळ लावला तर त्याला आळशी म्हणता येते. यंत्राला काय म्हणावे? आमचा संगणक गेल्या ज्येष्ठापासून बटण दाबल्यावर जवळजवळ दोन मिनिटे काळ्या पडद्याआड नुसता बसून राही. चिरंजीवांचे निदान तयारच होते. "बाबा, मोडीत काढा. नवा घेऊ." चाळीस हजारांचा आकडा ऐकून सौ.ने निवडायचे ताट खाली ठेवले. आमची सबंध दिवाळी त्यात दोनदा झाली असती.

संगणक एकटा कधीच जागा होत नाही. त्याच्या पोटात एकत्र कुटुंब नांदते. एक छपाई पाहतो, एक घड्याळ लावतो, एक इंटरनेटशी बोलतो. पूर्वी ही मंडळी न्हाणीघरापुढच्या रांगेसारखी एकामागून एक उठत. मग 2010 साली लिनक्सकरिता सिस्टिमडी नावाचा कारभारी आला. ज्यांचे एकमेकांवाचून अडत नाही त्यांना तो एकदमच उठवतो. शिवाय कोणाला किती वेळ लागला हे टिपून ठेवतो. 'सिस्टिमडी-ॲनलाइझ' अशी आज्ञा दिली की एकूण वेळ कळतो. पुढे 'ब्लेम' जोडले की नावांची यादी येते. ब्लेम म्हणजे दोष! हे नाव ठेवणारा एकत्र कुटुंबातच वाढला असावा.

एकूण वेळ निघाला 1 मिनिट 52 सेकंद. यादीच्या डोक्यावर होता नेटवर्कची वाट पाहणारा सेवक. त्याचे 7 सेकंद. चिरंजीव त्याला तिथल्या तिथे बडतर्फ करायला निघाले.

"थांब," मी म्हटले, "तो बिचारा दुसऱ्यासाठी खोळंबलाय. आणि सातात दीड मिनिट कसे बसवशील?"

खरी गोम अशी, की त्या यादीत नावे असतात ती उठलेल्यांची. जो आलाच नाही, त्याचे नाव तिथे यायचे कसे? म्हणून यंत्राची रोजनिशी उघडली. 'जर्नलसीटीएल' म्हणतात तिला. तिच्यात रोज तीच नोंद : एका डिस्कची वाट पाहिली, मुदत संपली. ही मुदत ठरलेली असते, 90 सेकंदांची.

ज्येष्ठात आमची मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली. संगणकातली दुसरी, जुनी डिस्क तिने काढून एका डबीत बसवून नेली. घरचे सगळे फोटो तिच्यात होते. त्याच डिस्कच्या कोपऱ्यात 'स्वॅप' होते, म्हणजे मेमरी अपुरी पडली की सामान हलवायची खोली. 'एफएसटॅब' नावाच्या फायलीत त्या खोलीची एक ओळ तशीच राहिली होती. तेव्हापासून हा बापडा रोज दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहायचा, आणि मग मुकाट्याने कामाला लागायचा.

सौ. माझ्या खुर्चीमागे उभी राहून ऐकत होती. काही न बोलता पदराला हात पुसत आत गेली.

ती ओळ पुसून टाकायला माझे मन होईना. तिच्या आरंभी नुसते # हे चिन्ह घातले. अशी ओळ फायलीत राहते, यंत्र मात्र ती वाचत नाही. आता तो 22 सेकंदांत उठतो. वाचलेल्या पैशांतून मुलीचे तिकीट काढले आहे. वसुबारसेला येते आहे. येताना डबी आठवणीने आण, असे सौ.ने तिला दोनदा सांगितले आहे.